कॅसी म्हणजे हात

माझ्या सुनेनं मला शिकवलेला पहिला शब्द 'कॅसी'. कॅसी म्हणजे हात. तिला आता सून म्हणायचं नाही असं आमच्या घरात ठरलं आहे. ठरवणाऱ्यांत मी नव्हते, त्यामुळे मी म्हणते.

ती एस्टोनियाची. माझा मुलगा लातुरात घोकून घोकून मार्क मिळवून इंजिनिअर झाला, पुढं शिकायला त्या देशात गेला आणि तिथंच नोकरीला लागला. आम्हाला तो देश आधी नकाशात सापडेना. रशियाच्या कडेला, समुद्राला लागून. आपल्या एका लातूर जिल्ह्यात जेवढी माणसं राहतात, तेवढीही तिथं नाहीत. तिथले लोक आपल्या देशाला 'एस्ती' म्हणतात. माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हंजे एवढं शिकून पोरगं एस्टीतच चिकटलं म्हना की." मीही हसले होते. तेव्हा हसण्यासारखे दिवस होते.

मुलानं तिथल्या कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि मग आम्हाला कळवलं. आमच्या ह्यांचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान. समाजात वजन, मठात पुढची बैठक. फोन ठेवून ते दुकानात गेले आणि त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. मुलाचा फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि तिथून कान द्यायचे.

मी मात्र बोलत राहिले. मुलाशी बोलायचं तर मागं तीही दिसायची. भुरे केस, अंगात जाड स्वेटर, हातात चहाचा मोठा मग. मला इंग्रजी येतं, पण ते शाळामास्तरणीचं. सगळी नोकरी चाकूरच्या आसपासच्या खेड्यांत पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली, तिथं इंग्रजी कोण बोलणार? तिचं इंग्रजी बरं होतं, पण तेही शिकून घेतलेलं. इंग्रजीत आम्ही दोघीही पाहुण्या. हवा कशी आहे, जेवण झालं का, याच्या पुढं गाडी जाईना. एकदा वैतागून मीच म्हटलं, मला तुझी भाषा शिकव.

तिनं थोडा विचार केला आणि स्वतःचा हात पडद्यासमोर धरला. डावा हात. "कॅसी," ती म्हणाली. मी माझा हात धरला आणि म्हटलं, "कॅसी." पहिलीच्या पोरांना मी अशीच शिकवायचे. आधी वस्तू, मग शब्द, मग त्याच्या मागं लागलेलं गणगोत. मला बरं वाटलं की तिला हे कुणी न सांगता कळलं होतं.

तिच्या भाषेत माणसाची खुशाली विचारायची तर हाताची विचारतात. 'कुइदास कॅसी कॅइब?' म्हणजे हात कसा चालतोय? हे मला फार आवडलं. आपण 'काय चाललंय' विचारतो, तेव्हा नेमकं काय चालायला हवं ते सांगत नाही. ते लोक सांगतात. हात चालतोय ना, मग बाकीचं होईल. मी तिला आपले सांगितले. हाताला चव असते, हाताला गुण असतो, हात आखडता घेतात, कुणी हातावर तुरी देऊन जातं. तुरीचं सांगताना नाकी नऊ आले, कारण तिनं तूर पाहिलेलीच नव्हती. मग मी स्वयंपाकघरातून डाळीचा डबा आणून दाखवला. ती म्हणाली, आमच्यातही 'कॅसी पेसेब कॅत्त' आहे. हात हाताला धुतो. एकमेकांना सांभाळून घेणं. मी म्हटलं, आमच्यात 'हात ओला तर मैत्र भला'. तिनं विचारलं, ओला का? मी म्हटलं, देणारा हात, वाढणारा हात. कोरड्या हाताच्या माणसाकडं कोण जातं?

असं चालायचं आमचं. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, हे दुकानाच्या मालाचं बघत असताना. ती प्रत्येक वेळी डावा हातच वर करायची. मग एकदा ती काहीतरी लिहिताना दिसली आणि माझ्या लक्षात आलं की ती डावखुरी आहे.

 मीही डावखुरी जन्मले होते.

माझं माहेर कंधारचं. लहानपणी मी जेवायला बसले की डावा हात आधी ताटाकडं जायचा. आई तो धरायची आणि पाठीमागं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधायची. मारलं नाही कधी. नुसता बांधायची, जेवण होईपर्यंत. शाळेत पाटीवर लिहितानाही तेच. हळूहळू माझा उजवा हात शिकला आणि डावा गप्प बसला. आम्ही शिवाचे, आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. रोज सकाळी ते चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर ठेवून पूजायचं. डाव्याच, उजव्या नाही. मी आईला विचारलं होतं, की या हातानं जेवायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, मग देव का बसतो यावर? आई विभूती लावत होती. म्हणाली, "देवाला चालतंय. लोकायला न्हाई चालत."

एवढ्या वर्षांत याच्याहून खरं वाक्य मी ऐकलेलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला लग्न होऊन मी लातूरला आले. जिल्हा नवा, मी नवी. जिकडं तिकडं नव्या पाट्या लागत होत्या. काल ज्याला तालुक्याचं गाव म्हणायचे तिथं आज कलेक्टर बसायला लागला. माणसं एका रात्रीत मोठी झाली. आमच्या सासऱ्यांनी दुकानाच्या पाटीवर 'जि. लातूर' मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, उस्मानाबाद पुसून. मलाही असंच पुसून नवं लिहून घेतलं गेलं. तक्रार नाही, सगळ्याच बायकांचं होतं. फक्त कधी एकटी असताना भाजी चिरायची झाली तर सुरी आपोआप डाव्या हातात जायची आणि भाजी झराझरा चिरली जायची. कुणाची चाहूल लागली की मी हात बदलायची.

म्हणून ती डाव्या हातानं लिहिते, जेवते, चहा ओतते आणि तिला कुणीच कधी काही म्हटलेलं नाही, हे पाहून मला तिचा हेवा वाटला. हेव्यापेक्षा जास्त म्हणजे ती माझी वाटली. तिनंच मला सांगितलं, की त्यांच्यात उजव्याला 'परेम' म्हणतात, आणि परेम म्हणजे जास्त चांगला. मी म्हटलं, आमच्याकडंही उजवा म्हणजे वरचढच. तिनं तोंड वाकडं केलं. डाव्याला 'वासाक'. तो नुसताच डावा. त्याला जास्तीचा अर्थ कुणी दिलेला नाही.

नात झाली. मी 'वानाएमा' झाले. वानाएमा म्हणजे आजी. बाळ बोलायला लागलं ते आईच्याच भाषेत. बाप दिवसभर ऑफिसात, मराठी शिकवणार कोण? पण मला चिंता नव्हती. मी पडद्यासमोर हात हलवून 'तेरे' म्हणायची, म्हणजे राम राम, आणि ते लेकरू आपला इवला डावा हात वर करायचं. तिच्या आईच्या वळणावर गेलेलं, किंवा माझ्या. मला त्या वेळी एकच गोष्ट हवी होती. या पोरीनं मला ओळखावं. फोटोतली आजी म्हणून नको, बोलणारी, तिच्या भाषेत भांडणारी आजी म्हणून. त्यासाठी मी साठीला टेकलेली असताना घरकाम करता करता शब्द घोकत होते. जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात तसे.

नातीचं नाव निघालं आणि आमचे हे विरघळले. पण नुसतं विरघळणं त्यांच्या इभ्रतीत बसेना, म्हणून अट घातली. लेकराला घरी आणून अय्यांच्या, म्हणजे आमच्या जंगम स्वामींच्या, हातून लिंगधारणा करायची. मग झालं गेलं विसरू. मुलगा लगेच तयार झाला. त्याला बापाची माफी स्वस्तात मिळत होती. सून म्हणाली, मला काही अडचण नाही, आईला भेटायचं आहे. आई म्हणजे मी.

ते आले नेमके रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या साली, ऐन उन्हाळ्यात. तो उन्हाळा ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. नळ कधी येईल याचा भरवसा नाही. लोक बॅरलला कुलपं लावायचे. भांडी घासलेलं पाणी झाडाला, अंघोळीचं संडासात. पाहुणा दारात दिसला की आधी घागरीकडं नजर जायची आणि मग तोंडावर हसू यायचं. आमच्या दुकानाची मात्र त्या साली चांदी झाली. पितळ-स्टील कोण घेतो? प्लॅस्टिकची पिंपं, टाक्या, घागरी, येईल तो माल दुपारपर्यंत संपायचा. हे संध्याकाळी खूश होऊन यायचे आणि घरात मी पाणी पेल्यानं मोजून वापरायची. दुष्काळ सगळ्यांवर सारखा पडत नाही.

मी हिकमत केली. त्यांना हैदराबादहून आधी मुदखेडला माझ्या भावाकडं उतरवलं. त्याच्या बोअरला अजून पाणी होतं. मी आदल्या दिवशीच तिथं जाऊन बसले होते. सुनेनं गाडीतून उतरून लेकरू माझ्याकडं दिलं आणि डावा हात वर करून विचारलं, "कुइदास कॅसी कॅइब, आई?" माझी वहिनी बघतच राहिली. मी म्हटलं, "कॅइब, कॅइब." चालतोय. तिथं तिनं आणि लेकरानं पोटभर अंघोळ केली. पुढं लातुरात ती मिळणार नव्हती. लेकरू माझ्या कडेवर बसून माझ्या बांगड्या ओढत होतं आणि आपल्या भाषेत बडबडत होतं, आणि मला त्यातलं बरंच कळत होतं. वहिनी म्हणाली, "तुमी तर लईच शिकल्या की वन्सं." तो दिवस माझा होता. कुणी काही म्हणो, तो एक दिवस कुणाला परत घेता येणार नाही.

लिंगधारणेला घर भरलं होतं. त्या सालच्या मानानं भरलं होतं, म्हणजे लोक आपापल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते. अय्या पाटावर बसले. समोर परात. आमच्यात आधी अय्यांचे पाय धुवायचे, मग पुढचं. ह्यांनी बॅरलचं कुलूप उघडून स्वतः तांब्या भरला आणि सुनेच्या हातात दिला. साडी मी नेसवली होती, तिला छान दिसत होती. लेकरू तिच्या उजव्या कडेवर. ती वाकली आणि डाव्या हातानं अय्यांच्या पायावर धार धरली. बारीक, एकसारखी. तिला मी पाण्याचं सांगून ठेवलं होतं आणि तिच्याइतकं जपून त्या घरात कुणी पाणी ओतलं नसतं.

"अगं बया, काय करायली ही?" नणंद ओरडली. "डाव्या हातानं? अय्याच्या पायावर?"

धार थांबली. सुनेला काही कळेना, ती माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात माझा मुलगा पुढं झाला. त्यानं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि तिच्या भाषेत म्हणाला, "परेम कॅसी!"

उजवा हात. एवढंच. पण कसं म्हणाला ते मी ऐकलं. चिखलात पाय घातलेल्या पोराला ओरडावं, तसं. आजवर घरात तिच्याशी तो काय बोलतो ते माझ्या कानावरून जायचं. या भाषेनं पहिल्यांदाच मला काहीतरी न मागता सांगितलं, आणि जे सांगितलं ते हे. दुसऱ्या कुणाला कळलं नाही. त्यांना वाटलं, नवऱ्यानं समजावून सांगितलं. जमलेल्यांपैकी एक जण कौतुकानं म्हणालासुद्धा, पोरगं बाहेर राहून रीत विसरलं नाही.

मग ह्यांनी परात उचलली, मागच्या दारी गेले आणि ते पाणी गटारीत ओतलं. तांब्यातलं उरलेलंही ओतलं. आत आले, पुन्हा कुलूप काढलं, पुन्हा तांब्या भरला. जिथं लोक पाण्यासाठी टँकरमागं धावत होते, तिथं एका बाईनं डाव्या हातानं ओतलं म्हणून ते पाणी बाटलं. ती ओली गटार मला आजही दिसते.

माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, आता अय्या लेकराच्या कोनत्या हातावर लिंग ठेवनार हायत? ठेवायच्या आधी तो हात बी धुऊन घ्या. न्हाई तर कापूनच टाका."

 अय्या खाकरले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या, मुहूर्त टळायलाय." चालू झालं. नव्या पाण्यानं उजव्या हातानं पाय धुतले गेले. मग अय्यांनी माझ्या नातीचा डावा तळहात उघडला, त्याला विभूती लावली आणि त्यावर देव ठेवला. तिची आई एकटक त्या तळहाताकडं बघत होती. बाकीचे हात जोडून उभे होते.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. "लेकाच्या देखत मला बोललीस," एवढंच म्हणाले. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू कशाला मधी पडलीस? उजव्या हातानं टाकलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं? दोन मिनिटांचं काम." इतकी वर्षं हाच मला फोनवर सांगत होता, की तिथं कसं सगळं मोकळं असतं, कुणी कुणावर काही लादत नाही. इथं आला आणि बापाच्या पंगतीला जाऊन बसला. मला बापाचा राग आला होता, पण तो जुना, सवयीचा राग. मुलाची शिसारी आली.

संध्याकाळी सून मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी टेकले. तिनं आपला तळहात उघडून दाखवला आणि विचारलं, "मिक्स?" का? मला त्यांच्या भाषेत एवढंच सांगता आलं, "यूमाल. वासाक कॅसी." देव. डावा हात. ती हसली, पण ते हसू नव्हतं. मग तिनं तोच हात हवेत एकदा जोरात झटकला आणि म्हणाली, "लोइन कॅएगा." मी हा वाक्प्रचार आधी ऐकला नव्हता. तिनं पुन्हा हात झटकून दाखवला आणि इंग्रजीतून सांगितलं, की माणूस प्रयत्न करून थकतो आणि सोडून देतो, तेव्हा असं म्हणतात. आपण हात टेकतो. ते हवेत मारतात. मला वाटलं, ती फक्त त्या दिवसाबद्दल बोलते आहे.

तांब्याभर पाण्यानं संसार मोडत नाही हे मलाही कळतं. आधीपासून काय काय होतं ते त्या दोघांना ठाऊक. पण ते परत गेल्यावर फोनमध्ये मुलगा दिसेनासा झाला. विचारलं तर सून आधी ऑफिस म्हणायची, मग विषय बदलायची. एका रविवारी मी विचारलं, कुइदास कॅसी कॅइब, आणि तिनं हात वर केला नाही. त्यावरून मी ओळखलं. नंतर कळलं की मुलानं वेगळी खोली घेतली होती, मग दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि शेवटी पुण्याला आला. लेकरू तिकडंच राहिलं. त्यानं त्यावर हातपाय आपटल्याचं मी काही ऐकलं नाही.

ह्यांना मुलगा परत मिळाला. नणंद म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं. तिकडचं लगन म्हंजे काय, सह्याच की." वर्षभरात उदगीरची मुलगी बघितली. आपल्यातली, शिकलेली. वडिलांचे तिथं प्लॉट आहेत. उदगीर जिल्हा होणार, मग बघा भाव, असं ते प्रत्येक बैठकीत सांगत होते आणि आमचे हे मान डोलवत होते. ह्यांनी एक नवा जिल्हा होताना बघितला होता, त्यांना दुसराही दिसत होता. मुलगी बघायला गेलो तेव्हा नणंदेनं तिला म्हटलं, अंगणात जरा रांगोळी काढून दाखव बाळ. सगळ्यांना वाटलं, कलाकुसर बघतात. मला ठाऊक होतं नणंद काय बघत होती. मुलीनं उजव्या हातानं छान कमळ काढलं. त्या पोरीचा काही दोष नाही, तिच्याविषयी माझ्या मनात वाईट नाही.

लग्नात मी सगळं केलं. हळद लावली, आहेर वाटले, व्याह्यांची सरबराई केली. पत्रिकेत, बोलण्यात, फोटोंत कुठंही माझी नात नव्हती. एका बाईनं विचारलं, "पयलंच कार्य ना तुमच्या घरचं?" मी उत्तर द्यायच्या आत नणंद म्हणाली, "हाव, पयलंच."

रविवारचा फोन मी सोडला नव्हता. मुलगा म्हणायचा, "आई, कशाला जखम उकरतेस? तिला पण अवघड होतं." मी म्हणायची, तिला अवघड झालं तर ती सांगेल, तिला तोंड आहे. पण खरंच अवघड होत चाललं होतं. रविवार चुकायला लागले. तिच्या घरात आता दुसरा माणूस आहे. बरा आहे, लेकराला जीव लावतो. ती एकदा म्हणाली होती, की पोर बापाचं विचारते आणि रडते, म्हणून ती विषय काढत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. मनातून मला भीती वाटली की मीही त्या विषयातलीच आहे.

लग्नाची गडबड संपली, पाहुणे पांगले, मांडव उतरला आणि मी बऱ्याच दिवसांनी फोन लावला. पडद्यावर स्वयंपाकघर आलं. माझी नात टेबलाशी बसून चित्र काढत होती. केवढी झाली होती! रंगीत पेन्सिल डाव्या हातात. मला इतका आनंद झाला की मी हात वर करून मोठ्यानं ओरडले, "तेरे! कुइदास कॅसी कॅइब?"

तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, कुतूहलानं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं. मग आईकडं वळून विचारलं, "केस से ऑन?"

हे कोण आहे?

सून ओट्यापाशी काहीतरी धूत होती. पाठमोरीच. न वळता ती पटकन म्हणाली, "उक्स तॅदी इन्दियास्त." भारतातली एक काकू. आणि मग तिला आठवलं की फोनमधल्या बाईला ही भाषा येते, कारण ती तिनंच शिकवली आहे. नळ बंद झाला. ती वळली. तिचे ओले हात तसेच हवेत राहिले आणि चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही.

मला तिच्यावर रागावता येईना. लेकराचं रडणं तिला एकटीला निस्तरायचं होतं. आमच्या घरानं तिच्याशी जे केलं त्यापुढं हे काहीच नव्हतं. माझा राग होता तो पुण्याला नवा संसार मांडून बसलेल्यावर, आणि ते पाणी गटारीत ओतणाऱ्यावर. पण ते दोघंही आत पंख्याखाली बसून लग्नाचे फोटो बघत होते.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "कुइदास कॅसी कॅइब?"

"कॅइब," मी म्हटलं. चालतोय. नातीनं पुन्हा चित्रात डोकं घातलं होतं. मी हात खाली घेतला आणि फोन ठेवला.

माझी वहिनी म्हणते, वन्सं, या वयात एवढी अवघड भाषा शिकलात, कमाल आहे तुमची. मला वाटतं, शिकले नसते, तर त्या दुपारी मी लेकराकडं बघून हात हलवला असता, आणि ते काय म्हणालं ते न कळून हसत फोन ठेवला असता.